दगडाची साक्ष

रिद्धपुरात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जमवल्या, तेव्हा ते स्वतः प्रत्येक प्रसंगाला हजर नव्हते. ज्यांनी पाहिलं, ऐकलं त्यांना गाठून त्यांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं, आणि पुढे परंपरेनेही पाठभेद पुसून टाकले नाहीत. तेराव्या शतकातली ही शिस्त मला आठवली ती पाण्याच्या दाबाने दगड फोडण्याच्या प्रयोगांबद्दल वाचताना. तिथेही घटना कुणी पाहिलेली नसते. भेग दगडाच्या पोटात पडते. बाहेर चिकटवलेले संवेदक एवढंच सांगतात, की कंप आमच्यापर्यंत अमुक क्षणी पोचला.

या साक्षीला किंमत यायला वेळ लागला. 1938 च्या सुमारास लिओनार्ड ओबर्ट हे अमेरिकेच्या खाण खात्यातले संशोधक खाणीतल्या दगडी खांबांमधून लहरींचा वेग मोजत होते. मधूनच उमटणारे बारीक आवाज त्यांचं मोजमाप बिघडवत. ते आवाज खडकाचेच होते आणि भार वाढला की वाढत, हे लक्षात आलं तेव्हा अडथळाच अभ्यासाचा विषय झाला. 1950 मध्ये म्युनिकच्या योसेफ कायझर यांनी प्रबंधात दाखवलं, की धातूवरचा भार काढून पुन्हा दिला तर आधीची कमाल मर्यादा ओलांडेपर्यंत तो जवळजवळ गप्प राहतो. सोसलेलं ओझं पदार्थ लक्षात ठेवतो, असं म्हणायला हरकत नाही.

पाण्यामुळे जमिनीखालचा खडक तुटू शकतो, हा विचार आपल्याकडे आला तो कोयना धरणामुळे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या 6.3 तीव्रतेच्या भूकंपानंतर ‘पाण्याच्या वजनाने जमीन हलली’ असं बोललं गेलं. वजनाचं कारण चटकन पटतं, म्हणूनच ते तपासायला हवं होतं. अमेरिकेत डेन्व्हरजवळ 1962 पासून लष्करी कारखान्याचं सांडपाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत दाबलं जात होतं आणि तिथे धक्के सुरू झाले होते. वर सरोवर नव्हतं, म्हणजे त्याचं वजनही नव्हतं. फेब्रुवारी 1966 मध्ये पाणी दाबणं थांबवलं. सगळ्यांत मोठे धक्के मात्र 1967 मध्ये बसले. भेगांमधलं पाणी दोन्ही बाजूंना रेटून त्यांची एकमेकींवरची पकड सैल करतं आणि हा दाब पंप बंद झाल्यावरही पुढे सरकत राहतो, हे यातून उलगडलं. कोयनेचा अभ्यास करताना हर्ष गुप्ता यांनी जलाशयाची पातळी किती वेगाने वाढली, पाणी किती काळ टिकलं आणि आधीची कमाल पातळी ओलांडली का, या गोष्टी लक्षात घेतल्या. यातली शेवटची अट वाचताना कायझर आठवल्याशिवाय राहत नाही.

पण धरण काही प्रयोगशाळेत आणता येत नाही. तिथे आणतात तो दगडाचा हातभर किंवा त्याहूनही लहान तुकडा. 1977 मध्ये लॉकनर आणि बायर्ली यांनी वेबर वालुकाश्मात पाणी दाबून पाहिलं. पाणी भराभर ढकललं तर दगड ताणून फाटत होता. हळू ढकललं तर घसरून तुटत होता. दगड तोच, पाणीही तेच, फरक फक्त घाईचा.

फाटलं कुठे, हे शोधणं मात्र नाजूक काम. ठिकाणाचे तीन आकडे आणि घटनेचा क्षण अशी चार अज्ञातं असतात, म्हणून निदान चार साक्षीदार, म्हणजे संवेदक, हवेत. घट्ट बेसॉल्टमध्ये लहर सेकंदाला पाच किलोमीटरच्या आसपास धावते, म्हणजे एका मायक्रोसेकंदात पाच मिलिमीटर. लहर नेमकी कधी पोचली हे ठरवताना दोन मायक्रोसेकंदांची चूक झाली तर सेंटिमीटरभर अंतर चुकतं, आणि तुकडाच वीतभर असला तर ही चूक थोडी नव्हे. त्यात प्रयोग चालू असताना दगड बदलतो. भेगा उघडतात, पाणी शिरतं, लहरींचा वेग बदलतो. सुरुवातीला मोजलेला वेग शेवटच्या आवाजाला लावला तर त्याचं ठिकाण दाखवणारा ठिपका भलतीकडे पडतो. अशा ठिपक्यांचे रंगीत ढग शोधनिबंधांत फार देखणे दिसतात. मला त्या देखणेपणाचीच भीती वाटते. ढगाची जाडी भेगेची आहे की आपल्या अनिश्चिततेची, हे चित्र सांगत नाही. शिवाय भेग बरीचशी मुकाट्यानेही उघडते. जिथे ठिपका नाही तिथे काही घडलं नाही, असं नसतं. प्रयोगशाळेची सोय एवढी, की शेवटी तुकडा कापून पाहता येतो.

कोयना परिसरात तसं कापता येत नाही, म्हणून गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं आणि इतर छिद्रांतून भूकंपमापकं बेसॉल्टखालच्या ग्रॅनाइटपर्यंत उतरवली गेली. साक्षीदार घटनेच्या जवळ नेणं, हाच त्यामागचा विचार.

इकडे वऱ्हाडातही दाबाच्या पाण्याने खडक मोकळा करण्याचं काम अनोळखी नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या उपायांमध्ये जलभंजन आहे: विंधन विहिरीचा एक भाग बंद करून त्यात जोराने पाणी सोडायचं, म्हणजे बुजलेल्या फटी मोकळ्या होतात. उपाय साधला की नाही ते आधीचं आणि नंतरचं पाणी मोजून ठरतं. फट कोणत्या थरात आणि कोणत्या दिशेला गेली, वाढलेलं पाणी शेजारच्या बोअरच्या वाट्याचं तर नाही ना, हे त्या आकड्यांतून कळत नाही. मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात, जिथे बोअर शेकडो फूट खाली जातात, हा प्रश्न बांधावरच्या भांडणाचा आहे. जलभंजन चालू असताना आसपासच्या आटलेल्या बोअरमध्ये चार-सहा संवेदक सोडून पाहता येतील. आवाज क्षीण असतील, ठिपके पुसट पडतील. पण साक्षीदार उतरवायला कोरडे बोअर इथे शोधावे लागणार नाहीत.