नाव लिहावे की गाळावे?

आपल्या गावचा अलीकडचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला कागदांपेक्षा माणसेच अधिक अडवतात. नगर वसवणाऱ्या अहमद निजामशहाविषयी काहीही लिहा, कोणी दार लावून घेणार नाही. १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद इथल्या भुईकोट किल्ल्यात बंदिवान होते, हे तर शाळेतली पोरेही सांगतात. पण १९७२ च्या दुष्काळापाशी आले की लेखणी अडखळते. दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या एक आजीबाई सारे सांगतात. उन्हाचा चटका, मिलोची भाकर, सुकडी. आणि शेवटी म्हणतात, "मास्तर, नाव तेवढं घालू नका. नातीची सोयरीक जुळायचीय."

नाव गाळावे, तर इतिहास पुन्हा किल्ल्यातल्यांचाच उरतो. घालावे, तर विश्वासाने बोललेल्या माणसाचा घात होतो. मला वाटते, ज्याच्या हाती सत्ता होती त्याचे कृत्य नावानिशी लिहावे. ज्याच्या वाट्याला नुसती भूक आली, त्याचे नाव त्यालाच विचारून. कष्टात लाज कसली, असे आपण सहज म्हणतो. पण ती लाज त्यांच्या पदरात घातली आपणच. ती सरेल त्या दिवशी आजीबाई आपणहून नाव सांगतील. तोवर माझ्या वहीत तेवढी जागा कोरी राहील.