‘तपासले’ म्हणजे काय तपासलंस?

बस समोर. फोन खिशात ठेव आणि दोन्ही फायली उघड. पहिली तू मंजुरीसाठी पुढे पाठवलीस, दुसरी नाकारलीस. दोन्हींवर तुझ्या हातचा सारखाच शेरा आहे, ‘तपासले’. काय तपासलंस, ते सांग.

पहिली घे. गोठ्यासाठी आठ लाख, जमीन तारण. सातबारा जोडलाय तो गेल्या दिवाळीतला. आज श्रावण चालू आहे. मधल्या काळात उताऱ्यावर काही चढलं असेल, अशी शंकासुद्धा तुला आली नाही? डिजिटल सहीचा ताजा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. मी काल काढला. ‘इतर हक्क’ रकान्यात विकास सोसायटीचा बोजा आहे, शेजारी फेरफाराचा क्रमांकही आहे. आठ लाखांच्या फाईलसाठी तुला पंधरा रुपये आणि दहा मिनिटं जड झाली.

“सर, सिबिल ७४२ आहे,” असं मघाशी मोठ्या विश्वासानं म्हणालास. अरे, ३०० ते ९०० मधला तो एक आकडा. त्याच्याखाली पानंच्या पानं रिपोर्ट असतो, तो वाचायला तुला पगार मिळतो. गेल्या तीन महिन्यांत या माणसानं चार ठिकाणी कर्जासाठी विचारणा केली आहे. चारही चौकश्या तारखांसकट रिपोर्टात आहेत. तो दारोदार का फिरतोय, हे त्याला विचारलंस? एका जुन्या खात्यासमोर ‘सेटल्ड’ लिहिलंय. तू ते ‘क्लोज्ड’सारखंच धरलंस. सेटल्ड म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेनं थोडे पैसे सोडून, तडजोड करून खातं मिटवलं. आणि गावच्या सोसायटीचं कर्ज सिबिलला दिसेलच असं नाही. म्हणूनच उतारा वाचायचा, सोसायटीचा बेबाकी दाखला मागायचा. हे मी वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं. पहिल्या रांगेत बसून तू उतरवून घेतलं होतंस, मला आठवतंय.

जामीनदार शाळेतला शिपाई आहे. मी त्याला फोन केला. त्याला वाटतंय, आपण साक्षीदार म्हणून सही केली. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम सांगतं की, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. उद्या हप्ते थकले तर त्या गरिबाच्या पगाराला कात्री लागेल आणि ती का लागली, हेही त्याला कळणार नाही. फॉर्मवर फुली मारून ‘इथं करा सही’ म्हणणारा तूच होतास ना? मान खाली घालू नकोस, उत्तर दे.

आता दुसरी फाईल. हिचा मला जास्त राग आहे. खानावळ चालवणाऱ्या बाई. मोठा गॅस आणि भांड्यांसाठी साठ हजार मागितले. तू लिहिलंस, ‘स्कोअर उणे एक, अत्यंत कमी, नामंजूर करावे.’ उणे एक म्हणजे कमी नव्हे रे! या बाईंच्या कर्जाचा इतिहासच सिबिलकडे नाही, एवढाच त्याचा अर्थ. कर्जाचा इतिहास नाही, केवळ या कारणावरून पहिल्यांदा येणाऱ्याला परत पाठवू नये, हे रिझर्व्ह बँकेनंही बजावलेलं आहे. ते बाजूला ठेव. फाईलमध्ये आपल्याच शाखेचं पिग्मी पासबुक आहे. अकरा वर्षं रोज पैसे भरलेत. लाईट बिल एकदाही थकलेलं नाही. ते पासबुक तू उघडलंच नाहीस, पानं अजून चिकटलेली आहेत.

पैसा कुणाचा वाटतोस, याचा विचार केलास कधी? २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला ठेवीदाराला स्वतःच्या खात्यातून हजारच रुपये काढता येत होते. म्हातारी माणसं पासबुक हातात धरून शाखेसमोर उभी होती. तिथे एका बांधकाम समूहाला दिलेली थकीत कर्जं दडवली होती. तिथला घोटाळा वेगळा, तुझा आळस वेगळा, हे मला कळतं. पण न वाचता पुढे सरकलेला कागद दोन्हीकडे सारखाच असतो. आज ठेवीला विम्याचं संरक्षण पाच लाखांपर्यंत आहे. आपल्या शाखेत त्याहून जास्त ठेव असलेल्या निवृत्त शिक्षकांची नावं तुला तोंडपाठ आहेत. त्यांना रोज नमस्कार करतोस.

‘साहेबांनी घाई केली’ हे कारण मला सांगू नकोस. मंजुरी साहेब देतात, छाननीचा शेरा तुझा असतो. बोजा दिसला तर ‘बोजा आहे’ असं शाईनं लिहायचं आणि खाली सही करायची. त्यावरून साहेब रागावले तर माझ्याकडे ये, मी तुझ्या बाजूनं उभा राहीन. न वाचता केलेल्या सहीसाठी मात्र कुणाकडे एक शब्द टाकणार नाही.

तुला काम येत नसतं तर मी इतका बोललो नसतो.

उद्या दहा वाजता त्या बाईंच्या खानावळीत जा. दुपारची पंगत उठेपर्यंत बस, ताटं मोज, गल्ला पाहा, किराण्याची उधारी विचार. तिथून शाळेत जा आणि शिपायाला जामीन म्हणजे काय ते त्याच्या भाषेत समजाव. मग दोन्ही फायलींवरचा ‘तपासले’ एका रेघेनं खोड, शेजारी सही कर, नव्या तारखेनं खरा शेरा लिही. संध्याकाळी पाचला मी इथेच आहे. फायली घेऊन ये.