डब्यात जपलेला सिनेमा

‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. आज त्यातली फूटभर फिल्मही सापडत नाही. मूकपटांची गत आणखी वाईट. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. अर्धेमुर्धे तुकडे धरूनही जेमतेम तीसेक उरले असतील. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. जमीन गमावून शहराची वाट धरणारा त्यातला तरुण शेतकरी शांतारामबापूंनी रंगवला होता. तो मूकपट आपण फक्त वाचायचा, पाहायचा नाही.

याचं खापर नुसत्या हवामानावर फोडता येणार नाही. नायट्रेटची फिल्म आपोआप चिकट होते, तिची भुकटी होते, ती भडकते, हे खरं. पण फिल्मच्या थरात चांदीही असते, आणि सिनेमा उतरला की रिळांची किंमत त्या चांदीएवढीच उरायची. रिळं भंगारात विकणाऱ्यांना दोष तरी कसा द्यावा? उतरलेला सिनेमा पुन्हा कुणी मागेल, असं त्यांना वाटण्याजोगं काही घडतच नव्हतं.

१९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि त्यासाठी पी. के. नायर गावोगाव फिल्मचे डबे शोधत फिरू लागले. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे आणि ‘कालिया मर्दन’चे भाग आज पाहता येतात ते त्यांच्या खटपटीमुळे. चांगला सिनेमा तेवढा ठेवायचा, हे त्यांना मान्य नव्हतं. मारधाडीचा गल्लाभरू पटही त्यांना हवा असे. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. उद्याच्या अभ्यासकाला काय लागेल, हे आज ठरवणारे आपण कोण? तितकंच महत्त्वाचं म्हणजे, मिळालेलं ते दाखवत. कर्नाटकातल्या हेग्गोडूसारख्या खेड्यातही जगातले उत्तम चित्रपट पोचले.

दाखवण्याचा हा दुसरा भाग आपण विसरत चाललो आहोत. जतन म्हटलं की थंड खोल्या, स्कॅनर आणि निधी यांची चर्चा होते. ती हवीच. स्कॅन झालं म्हणून मूळ फिल्म टाकून देण्याचा अडाणीपणाही नको. चांगली ठेवलेली फिल्म हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी जास्त टिकते. पण बघणारंच कुणी नसेल, तर पुढच्या काटकसरीत पहिली कात्री त्या थंड खोलीलाच लागेल.

दाखवायला कायद्याची अडचण सांगतात, ती निदान जुन्या चित्रपटांना लागू नाही. आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे सगळे मूकपट आणि ‘संत तुकाराम’सारखे प्रभातपट आता सर्वांचे. प्रत मात्र ज्याच्या कपाटात, त्याच्याच हातात! सरकारी पैशानं जपलेले हे पट शाळेच्या सभागृहात, तालुक्याच्या वाचनालयात फुकट का दाखवू नयेत? बिघडलेल्या प्रतीही चालतील. ओरखड्यांना लोक घाबरत नाहीत.

‘कालिया मर्दन’ (१९१९) सुरू होतो तो गोष्टीनं नव्हे. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी समोर येते आणि एकेक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. सहा-सात वर्षांची पोर. तिच्याच वयाच्या मुलांना हा तुकडा दाखवावा आणि ती कुठे हसतात ते मागे बसून पाहावं, असं मला फार वाटतं.