पोस्टकार्डावरचं गुपित

चि. मुक्ता,


विषय ठरलाय, गाईड ठरत नाहीये, असं तू फोनवर म्हणालीस. क्रिप्टोग्राफीचं नाव काढलंस आणि मला स्टॅनफर्डचे मार्टिन हेलमन आठवले.

सत्तरच्या दशकात त्यांनी हा विषय घेतला तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. एनएसए या सरकारी हेरसंस्थेकडे अमाप पैसा. तुम्ही शोधाल ते त्यांना आधीच ठाऊक असणार! (अगदीच चूक नव्हतं ते. उघड्यावर आकडे पाठवून दोघांत गुपित ठरवायची त्यांची युक्ती ब्रिटिश हेरखात्यात आधीच सुचली होती, पण 1997 पर्यंत कुलपात राहिली.)

हेलमन आणि व्हिटफील्ड डिफी यांनी ती 1976 मध्ये छापली. आपण करून पाहू. 5 आणि 23 हे आकडे उघडे. तू मनात 6 धर, 5 चा सहावा घात कर, 23 ने भाग, बाकी 8. ती मला पोस्टकार्डावर कळव. मी 15 धरते, तसंच करून 19 पाठवते. आता तू 19 चा सहावा घात कर, मी 8 चा पंधरावा करते. 23 ने भागलं की दोघींकडे बाकी 2, तेच आपलं गुपित. पोस्टमनने दोन्ही कार्डं वाचली तरी त्यांवर 2 नाहीच. अर्थात 23 इतका लहान, की पोस्टमन ते गुपित जेवणाच्या सुट्टीत फोडेल. खऱ्या वापरात सहाशेहून अधिक अंकी संख्या असते.

पण मला सांगायचंय ते 1977 चं. एनएसएच्या एका कर्मचाऱ्याने पत्र लिहून बजावलं, की असे निबंध परिषदेत वाचणं हा शस्त्रनिर्यात कायद्याचा भंग ठरू शकतो. हेलमन यांचे विद्यार्थी राल्फ मर्कल आणि स्टीफन पोहलिग ऑक्टोबरमध्ये कॉर्नेलला निबंध वाचणार होते. वकिलाने सल्ला दिला, पोरांना पुढे करू नका. मग हेलमन स्वतः वाचायला उभे राहिले, आणि दोघांना व्यासपीठावर शेजारी उभं केलं. तोंड माझं, काम यांचं, हे सभेला दिसावं म्हणून.

हाच मर्कल 1974 मध्ये बर्कलीत उघड्यावर गुपित ठरवायची आपली कल्पना घेऊन गेला होता. शिकवणाऱ्याला ती उमगली नाही, मर्कलने कोर्सच सोडला. 2002 मध्ये हेलमन यांनी लिहिलं, की 1976 च्या पद्धतीला नाव द्यायचंच तर त्यात मर्कलचंही हवं.

विद्यार्थ्याला असं श्रेय देणारा गाईड कोणता, हे निबंधावरच्या नावांच्या क्रमावरून तुला कळायचं नाही. तुमच्या विषयात ती बरेचदा अक्षरक्रमाने छापतात. ज्या सरांचा विचार करशील, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन कर.

आणि 15 मी सांगून बसले, म्हणून नवा आकडा धरलाय. कार्डावर 10 लिहून पाठवते.

तुझी,
शालूमावशी