आपला वाटा, दुसऱ्याचा वाटा

माउली, ‘सगळे पांडुरंगावर सोडले’ असे आपण सहज म्हणतो. पण सोडायचे नेमके काय?

सातपाटीचा कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करतो आणि मग होडी लोटतो. वारा आणि मासळी त्याने देवावर सोपवली. सुकाणू मात्र हाती धरले. ते सोडून तो नामस्मरण करीत बसला, तर होडीतले इतरही बुडतील. प्रयत्न आपला, फळ देवाचे, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढची पायरी अवघड.

तुकोबारायांच्या चरित्रात ती दिसते. वैराग्य आल्यावर सावकारीची खते इंद्रायणीत बुडवायची ठरली. परंपरा सांगते, त्यांनी आधी वाटणी केली. निम्मी खते धाकट्या कान्होबांना दिली, आपली तेवढी बुडवली. देवाच्या नावाने सगळीच बुडवता आली असती. पण भावाचा घास अर्पण करण्याचा अधिकार थोरल्यालाही नाही.

आपल्या वसईत येशूला शरण गेलेली मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदतात. त्याच श्रद्धेचे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत; कीर्तनेही करीत. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी सारा भार देवावर टाकला. मार्ग निराळा, पण शरण जाण्याची रीत आपल्या ओळखीची.

मात्र लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ही वाचा. पती ख्रिस्ती झाले तेव्हा सोवळ्यात वाढलेल्या त्या बाईवर डोंगर कोसळला. काही वर्षांनी त्यांनीही तीच वाट धरली, ती स्वतःच्या मनाने. टिळकांच्या त्यागाचे मोल त्यांनीही मोजले. देहूत ते जिजाईने मोजले. कीर्तनात तिला कर्कशा ठरवून हशा पिकतो. भुकेली लेकरे तिच्याच पदराला होती, हे राहून जाते.

बोईसरच्या कारखान्यात पाळी करणारा वारकरी आषाढीआधी रजा मांडतो, घरात खर्चाचे पैसे ठेवतो, म्हातारीचे औषध कोण देईल ते ठरवतो आणि मग पताका खांद्यावर घेतो. त्याची शरणागती उणी म्हणाल काय? मला ती पुरी वाटते. ‘माझ्यावाचून घर चालत नाही’ हा अहंकारही त्याने उंबऱ्यातच ठेवला.

आपला हट्ट, आपला मान, फळाची आस ही आपली खते. ती खुशाल इंद्रायणीत टाका. त्या गाठोड्यात घरच्यांचा घास तर नाही ना, एवढे आधी सोडून पाहा.

रामकृष्ण हरी.