उशिराचा सन्मान आणि न्याय

उशिरा झालेला सन्मान आधीच्या अन्यायाची भरपाई करू शकतो का? सॅचेल पेज या कृष्णवर्णीय अमेरिकी बेसबॉलपटूचे आयुष्य पाहता उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. अलाबामा राज्यातील मोबील शहरात १९०६ साली जन्मलेला हा असामान्य पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) वर्णभेदामुळे ऐन उमेदीची वर्षे मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या ‘निग्रो लीग’मध्ये खेळला. मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत क्लीव्हलँड संघाने त्याला घेतले ते १९४८ साली, वयाच्या ४२व्या वर्षी. १९६५ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, त्याने तीन डाव टाकले आणि एकही धाव दिली नाही. मग त्याचे बिघडले काय, असे कोणी म्हणेल. पण यातून त्याची गुणवत्ता सिद्ध होते, व्यवस्थेची न्यायबुद्धी नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: निष्काम कर्म करणाऱ्याला फळाची फिकीर कशाला? मात्र हा उपदेश कर्त्यासाठी आहे. फळ अडवून धरणाऱ्याला ती सबब ठरू शकत नाही. १९७१ साली बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’ने (थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनाने) पेजला आधी वेगळ्या विभागात बसवायचे ठरवले होते, टीका झाल्यावरच बरोबरीचे स्थान दिले. म्हणून असा सन्मान ही अन्यायाची कबुली मानावी, परतफेड नव्हे.