परदेशाहून परतल्यावर
(मार्क ५:१८-२०)



भूतग्रस्त मनुष्य बरा झाला, तेव्हा येशूबरोबर जाण्याची त्याने विनंती केली. प्रभूने मात्र त्यास घरी पाठवून, झालेली दया आपल्या माणसांस सांगावयास लाविले.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या. तेथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे लाभलेला मान त्यांनी स्वतःसाठी साठविला नाही. विधवांच्या शाळेकरिता व्याख्याने देऊन साह्य मिळविले. १८८९ च्या फेब्रुवारीत त्या परतल्या आणि ११ मार्च रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. "आता काय करावे?" हा प्रश्न त्यांस बंदरावर पडला नाही, कारण घरच्या भगिनींचे दुःख त्यांनी परदेशीही विसरले नव्हते.

आपल्या वाशीम जिल्ह्यातील कोणी मुलगा वा मुलगी दूरदेशाहून परतली, म्हणजे आपण प्रथम "किती कमाई आणिली?" असे विचारतो. उपदेशकांनो, त्याऐवजी त्यांस मंडळीतील अनाथ, आजारी व निरक्षर यांच्या दारी न्या.

आणि परतलेल्या प्रियजनांनो, "मला कोठे मान मिळेल?" असे विचारू नका. "जाताना कोणाचे दुःख मी मागे ठेविले, आणि ते अद्याप तेथेच आहे काय?" हे प्रभूसमोर विचारा. मिळालेली विद्या व धन ही त्याची ठेव आहे. जेथे ती गरज दिसेल, तेथेच आपले काम आरंभा.